पडलेला ऐन आणि त्याभोवतीची वाट : निसर्ग शिक्षण केंद्राच्या प्रकल्प नोंदी

२ मे

जुन्या निसर्गवाटेवर, ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर, गेल्या पावसाळ्यात मुळासकट उन्मळून पडलेला ऐन अजून तसाच आडवा आहे. त्याच्याभोवती मुलांसाठी नवी अभ्यासवाट आखण्याच्या प्रकल्पाला आज औपचारिक सुरुवात झाली. आमचे केंद्र ना-नफा तत्त्वावर चालते. इमारत सह्याद्रीतील या अभयारण्याच्या हद्दीबाहेर असली तरी वाटेचा बहुतेक भाग हद्दीच्या आत येतो, त्यामुळे लहानशा कामालाही वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि ती घ्यावी लागावी हे मला योग्यच वाटते.

खोडाचा मधला भाग कापून जुनी वाट मोकळी करावी, असा विचार विश्वस्तांच्या बैठकीत मांडला गेला होता. त्यावर दोन उत्तरे होती. पहिले कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानुसार राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून मेलेली, रोगट, मरणाला टेकलेली किंवा वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेली लाकडे आणि गवतसुद्धा हलवता येत नाही. दुसरे उत्तर शिक्षणाचे होते आणि बैठकीत त्यावरच जास्त वेळ गेला. उभ्या झाडाचा शेंडा मुलांच्या नजरेपलीकडे असतो. पडलेल्या झाडाची मुळे, खोड, फांद्या आणि त्यांत वस्तीला आलेले जीव मात्र सहा वर्षांच्या मुलाच्याही हाताशी येतात, आणि एक झाड मातीत मिसळताना जंगल कसे चालते हे जितके उघड दिसते तितके ते इतर कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही. वाट वळवायची आणि ऐन जागीच राहू द्यायचा, असा ठराव झाला.

९ मे

वनरक्षक, आमचे दोन मार्गदर्शक आणि मी अशी चौघांनी दिवसभर आखणी केली. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली न नेता उताराला आडवी न्यायची आणि तिचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, हा वाटा बांधणाऱ्यांचा जुना नियम आम्ही पाळला आहे. हे प्रमाण ओलांडले की पावसाचे पाणी वाट ओलांडून पलीकडे न जाता वाटेलाच धरून धावू लागते आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. जिथे पाणी अडण्याची शक्यता आहे तिथे वाटेला बाहेरच्या बाजूने किंचित कल दिला. सिमेंट कुठेही वापरायचे नाही, आणि जिवंत रोप उपटायचे नाही.

केंद्राच्या दारापासून ऐनाच्या बुंध्यापर्यंतचा भाग चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनाही जमावा, म्हणून तिथे वीस फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ नको असे ठरवले. त्यासाठी वाट एका जांभळीला वळसा घालून थोडी लांबवावी लागली.

ऐनापासून काही अंतरावर एक वठलेले झाड उभे आहे. सुताराने आणि तांबटाने पोखरलेल्या ढोली त्यात आहेत. पोखरणारे पक्षी सोडून गेल्यावर अशा ढोली पिंगळा, साळुंकी, दयाळ यांच्या कामी येतात, त्यामुळे हे झाड पाडण्याचा प्रश्नच नव्हता. पण वठलेले झाड कधी ना कधी कोसळणार. म्हणून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून वाट नेली आणि मुलांनी तिथे थांबायचे नाही अशी खूण केली. धोका टाळण्यासाठी झाड हलवण्यापेक्षा माणसांना हलवणे सोपे असते, हे वनरक्षकांचे म्हणणे मी मार्गदर्शकांच्या वहीत लिहून घ्यायला सांगितले आहे.

१७ मे

मार्गदर्शकांचे प्रशिक्षण. सगळे शेजारच्या पाड्यांवरचे आहेत आणि त्यांना झाडांची ओळख लहानपणापासून आहे. पुस्तकातून शिकून आलेल्या माझ्यासारखीला ते पदोपदी काही ना काही दाखवतात. प्रश्न होता तो सांगण्याच्या पद्धतीचा. वाटेवरून चालताना उजवीकडे ऐन, डावीकडे किंजळ, पुढे हिरडा अशी नावे सांगत जाण्याची सवय आम्हा सर्वांना लागलेली आहे. मुले नावे लिहून घेतात, आणि नाव लिहून झाले की झाडाकडे पाहणे थांबते.

म्हणून आज क्रम उलटा केला. ऐन आणि किंजळ यांची वाळलेली फळे मिसळून ठेवली आणि त्यांचे दोन ढीग करायला सांगितले. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख असतात, तर किंजळीच्या लहान फळाला तीन पंख आणि त्यांतला एक इतर दोहोंपेक्षा बराच मोठा. दोन्ही फळे उंचावरून सोडून कोणते कसे पडते ते पाहिले. नंतर ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला, देठाजवळ मध्यशिरेला लागून असलेल्या दोन बारीक गाठी भिंगातून दाखवल्या. नावे सर्वांत शेवटी आली. सर्वांत अनुभवी मार्गदर्शक मामा म्हणाले, "हे झाड मी जन्मापासून बघतोय ताई, पण पान उलटं करून कधी बघितलं नव्हतं." मुलांच्या बाबतीतही हेच साधायचे आहे.

फलकांविषयीही निर्णय झाला. वाटेवर प्रत्येक झाडाला पाटी लावायची नाही. तीनच फलक, तेही प्रश्न विचारणारे, आणि खिळा कोणत्याही झाडाला मारायचा नाही.

२९ मे

वळवाच्या दोन सरी झाल्या आणि ओढ्याकाठी काजवे दिसू लागले. काजव्यांची रात्र सर्वांसाठी खुली करावी अशी मागणी दरवर्षी येते. या वर्षीही ती नाकारली. चमकणे हा काजव्यांचा जोडीदार शोधण्याचा मार्ग आहे, आणि वाहनांचे दिवे, मोबाइलचे झोत, फ्लॅश यांनी त्यांचा संकेत पुसला जातो. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात. त्या जमिनीवर किंवा गवतावर असतात आणि वाट सोडून फिरणाऱ्यांच्या पायाखाली येतात. शिवाय काजव्याचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचेच असते. त्याआधीचा मोठा काळ तो अळीच्या रूपात, पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीत, गोगलगायींची शिकार करत काढतो. याचा अर्थ, मे महिन्यातील गर्दीने तुडवलेली जमीन पुढच्या वर्षीच्या काजव्यांचीही असते.

आमच्याकडे फक्त पाड्यांवरच्या शाळेतील मुलांचे लहान गट येतील, वाटेवरच बसतील, आणि एकच तांबडा मंद दिवा मार्गदर्शकाकडे असेल.

११ जून

पाऊस सुरू झाला. वाट बंद.

५ जुलै

आठवडाभर संततधार होती. आज उघडीप मिळाली तेव्हा नव्या वाटेचा निचरा पाहायला गेलो. जांभळीजवळ पाणी वाट ओलांडून व्यवस्थित खाली उतरते आहे. ऐनाच्या शेंड्याकडे मात्र एक ठिकाणी साचते, तिथे दगडांची आडवी ओळ बसवावी लागेल.

ऐनाच्या मुळांचा जो गोल ढेप मातीसकट उचलला गेला आहे, त्याच्या खालच्या खड्ड्यात पालापाचोळा कुजून काळा झाला आहे. तिथे एक फांदी बाजूला केली तर खाली देवगांडूळ होते. निळसर करड्या रंगाचे, अंगावर वळ्यांची दाट रांग, ओल्या त्वचेवर चकाकी. पहिल्या नजरेत जाड गांडूळ वाटावे. पण थोडे वाकून पाहिले की डोके कळते, तोंडाला जबडा आहे हे कळते, आणि डोळा म्हणून त्वचेखालचा एक काळसर ठिपका दिसतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक सूक्ष्म स्पर्शिका असते, जिने ते मातीत वास आणि स्पर्श यांचा माग घेते. ती मात्र आम्हाला दिसली नाही. हा साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. बेडकाच्या वर्गातला, म्हणजे उभयचर, पण पाय नसलेला हा प्राणी आहे. अनेक जातींमध्ये मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून ती फुटेपर्यंत राखण करते. पाड्यांवर पुष्कळ ठिकाणी त्याला विषारी समजून मारतात, त्यामुळे मुलांच्या ओळखीच्या यादीत त्याला वरचे स्थान द्यायला हवे.

आम्ही त्याला हात लावला नाही. उभयचरांची त्वचा श्वसनाचेही काम करते आणि हातावरचे मीठ, साबण, डास पळवण्याचे मलम यांतले काहीही ती शोषून घेते. फांदी होती तशी, त्याच बाजूने, हळूच परत ठेवली. लाकूड किंवा दगड उचलायचा तर आपल्या दिशेने उचलायचा, म्हणजे खाली साप असल्यास त्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते, आणि पाहून झाल्यावर तो पूर्वी होता तसाच ठेवायचा, हे दोन नियम मार्गदर्शकांच्या सूचनांत घातले. मुलांनी स्वतः काहीही उचलायचे नाही, हा तिसरा. फुरसे, घोणस, मण्यार, नाग आणि झुडपांतला हिरवा चापडा या सर्वांचे हे घर आहे, तेव्हा या नियमाला अपवाद नाही.

बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळलेली आहे. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात ती चिखलाच्या बुटांवरून जाऊ शकते. केंद्राच्या दारात बूट घासण्यासाठी ब्रश आणि पाण्याची जागा करायची आहे; आत येताना आणि बाहेर जाताना, दोन्ही वेळा.

२३ जुलै

रात्रीची पाहणी. ऐनाच्या खाली दबलेल्या एका कुजक्या फांदीवर प्रकाशणारी बुरशी आहे, असे मामांनी दोन दिवसांपूर्वी सांगितले होते. चंद्र उशिरा उगवणार होता, आभाळही भरलेले होते. सर्व दिवे विझवून खोडाशी बसलो. सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि सोबत आलेले तरुण स्वयंसेवक लगेच चुळबुळ करू लागले. मानवी डोळ्याला अंधाराशी पुरते जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मध्येच कोणी मोबाइल उघडला तर ती सगळी वाट पाहणे वाया जाते. शेवटी फांदीच्या कडेने एक फिकट, हिरवट रेष उमटू लागली. नजर थेट तिच्यावर न ठेवता किंचित बाजूला ठेवली की ती अधिक स्पष्ट दिसते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्याच्या भोवती जास्त असतात.

छायाचित्रांत ही बुरशी झगमगताना दिसते, कारण कॅमेऱ्याचे झाकण मिनिटभर उघडे ठेवलेले असते. मुलांना तसले चित्र आधी दाखवायचे नाही, असे मी सुचवले आहे. चित्र पाहून आलेला मुलगा खऱ्या उजेडापुढे निराश होतो, आणि न पाहता आलेल्याला ती फिकट रेषच पुरते.

१६ ऑगस्ट

नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ अजून पहाटे येते आहे. जळवा भरपूर. दगडांची ओळ बसवली, पाणी आता साचत नाही.

६ सप्टेंबर

शिक्षकांची कार्यशाळा. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा सर्व स्तरांवर सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये एनसीईआरटीला, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला, त्यासाठी आदर्श अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. त्यानंतर प्रत्येक शाळेत हा विषय पोहोचला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण अनेक शाळांत तो प्रकल्पवहीच्या रूपाने पोहोचला, आणि प्रकल्पवही दुकानातून आणलेल्या चित्रांनी भरता येते. आलेल्या शिक्षकांनीच ही अडचण मोकळेपणाने मांडली. साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका आणि शाळेत एकही झाड नाही, अशा स्थितीत करायचे काय, हा त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

१९७७ च्या ऑक्टोबरमध्ये तिबिलिसी येथे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांनी भरवलेल्या परिषदेत पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे पाच गटांत मांडली गेली : जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग. आम्ही या पाचांपुढे आमचे कार्यक्रम लिहून पाहिले. ज्ञानाचा रकाना भरून वाहत होता, सहभागाचा जवळजवळ रिकामा. त्यावर चर्चा होऊन असे ठरले की, केंद्रात येणाऱ्या प्रत्येक शाळेने आधी आपल्या आवारातील एक चौरस मीटर जागा निवडावी, मग ती कुंपणाच्या कडेची असो वा गटाराच्या काठची, आणि वर्षभर दर महिन्याला तिची नोंद ठेवावी. केंद्राची भेट त्या नोंदीच्या मध्यावर येईल. म्हणजे मुले जंगलात येताना स्वतःची एक जागा सोबत घेऊन येतील आणि दोन्हींची तुलना करतील. पस्तीस मिनिटांत हे होते, आणि साठ मुलांच्या गटांत वाटणीही करता येते.

३ ऑक्टोबर

वन्यजीव सप्ताह सुरू आहे आणि दूरध्वनी थांबत नाही. एका मोठ्या शाळेने एकाच दिवशी चार बसगाड्या भरून मुले आणण्याची परवानगी मागितली. त्यांचा हेतू चांगला आहे आणि देणगीची तयारीही आहे. तरी नाही म्हटले. एका मार्गदर्शकामागे पंधरा मुले, वाटेवर एका वेळी दोनच गट, ही मर्यादा आम्ही घातली आहे. ती एकदा मोडली की पुन्हा उभी करता येत नाही. गट मोठा झाला की शेवटच्या मुलाला मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू येत नाही. ते मागे मागे राहते, वाटेच्या बाहेर पाऊल टाकते, आणि पावसाळ्यानंतरच्या मऊ मातीत पडलेले ते पाऊल पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसत राहते. शाळेला पुढच्या चार महिन्यांत विभागून तारखा दिल्या आहेत. त्यांनी त्या स्वीकारल्या, याचा आनंद आहे.

१९ ऑक्टोबर

नव्या वाटेवर पहिला गट आला : पाड्याच्या शाळेतील पाचवी-सहावीची मुले. ऐनाच्या खोडाजवळ सुतळीच्या एक मीटरच्या चौकटी आधीच मांडून ठेवल्या होत्या; एक खोडाला चिकटून, एक पाचोळ्यात, एक वाटेवरच्या तुडवलेल्या जागेत. प्रत्येक चौकटीभोवती पाच मुले, दोन भिंगे आणि एक वही. पहिली दहा मिनिटे फक्त पाहायचे, बोलायचे नाही.

खोडाजवळच्या चौकटीत एका मुलीला वाणी हा अनेक पायांचा किडा सापडला. तिच्या शेजारच्याने ती गोम आहे असे सांगितले आणि दोघांत वाद लागला. मामांनी उत्तर दिले नाही; एका वळ्याला पाय किती ते मोजा, एवढेच म्हणाले. भिंगाखाली मोजताना मुलगी तीनदा चुकली, कारण वाणी चालत होता. मग तिने त्याच्या अंगाचा एकच भाग नजरेत धरला आणि सांगितले, "दोन जोड्या आहेत." गोमेला प्रत्येक वळ्यावर पायांची एकच जोडी असते, हे मामांनी नंतर सांगितले. वाणी कुजकी पाने खातो आणि डिवचला की गुंडाळी करतो; गोम शिकारी असते आणि चावते. मुलीने वहीत काढलेल्या चित्रात पाय नेमके दोन-दोन आहेत. तिने तोंड काढायचे राहू दिले, कारण ते तिला दिसले नव्हते. दिसले तेवढेच काढायचे हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते, आणि आजच्या दिवसातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

तुडवलेल्या चौकटीत मुंग्यांखेरीज फारसे काही सापडले नाही. असे का, हा प्रश्न मुलांनीच विचारला. एकाने उत्तर दिले की तिथे बसायला पान नाही आणि लपायला फट नाही.

दुपारी केंद्रात पाचोळ्याची एक मूठ जाळीच्या नरसाळ्यावर ठेवून वर दिवा लावला. इटालियन कीटकशास्त्रज्ञ अँतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये मांडलेली ही युक्ती साधी आहे : उष्णता आणि कोरडेपणा टाळत बारीक जीव खाली खाली सरकतात आणि नरसाळ्याच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यात पडतात. मूळ पद्धतीत त्या भांड्यात मद्यार्क असतो. आम्ही ओला टिपकागद ठेवतो आणि पाहून झाल्यावर सगळे जीव त्याच जागी परत सोडतो. आज कोळ्यांची पिल्ले, स्प्रिंगटेल हे उड्या मारणारे बिनपंखी बारीक जीव आणि नांगी नसलेला, तिळाएवढा खोटा विंचू मिळाला.

१५ नोव्हेंबर

दृष्टिहीन मुलांचा गट. वाटेचा पहिला भाग त्यांनी दोरीला धरून, एकमेकांच्या आधाराशिवाय चालला. आखणीच्या वेळी चढ कमी ठेवण्यासाठी घेतलेल्या कष्टांचे आज चीज झाले.

ऐनाची साल खोल चिरांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. मुलांचे हात तिच्यावरून फिरत असताना एका मुलाने विचारले की, या बाजूला साल थंड आणि त्या बाजूला गरम का आहे. खोडाची एक बाजू उन्हात होती हे आम्हा डोळसांच्या ध्यानात तोवर आले नव्हते. मग त्यांना खोडाच्या कुजलेल्या भागाकडे नेले. पांढरी कूज लागलेले लाकूड हाताला तंतुमय आणि ओलसर लागते, कारण तिथे बुरशीने लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निनही पचवलेले असते. तपकिरी कूज लागलेले लाकूड लिग्निन शिल्लक राहिल्यामुळे कोरड्या, चौकोनी ठोकळ्यांत तुटते आणि बोटांत भुगा होतो. रुंद पानांच्या झाडांत पहिला प्रकार अधिक आढळतो. दुसऱ्याचा नमुना आम्हाला केंद्राच्या जुन्या फाटकाच्या चौकटीत मिळाला, तो सोबत नेला होता. दोन्ही हातांत दोन तुकडे धरून मुलांनी फरक स्वतः सांगितला, वासातला फरकसुद्धा, जो मला नंतर प्रयत्न करूनही नीट ओळखता आला नाही.

तीन फलकांचा मजकूर भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत, करून घेण्याचे काम हाती घेतले आहे. या गटासाठी म्हणून ते सुरू झाले असले तरी सालीला हात लावणे, डोळे मिटून ऐकणे आणि वास घेऊन कूज ओळखणे आता सर्वच गटांच्या कार्यक्रमात येईल.

२१ डिसेंबर

पानगळ सुरू झाली आहे आणि वाटेवर पाचोळ्याचा थर चढतो आहे. पर्यटक तो झाडून काढा असे सुचवतात. आम्ही फक्त जाळरेषेवरचा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा, पाला हटवतो, बाकीचा राहू देतो.

वणव्याची तयारी वेळेवर व्हायला हवी. अभयारण्यात आग लावणे किंवा विस्तव मागे ठेवणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार गुन्हा आहे, परंतु आग विझवायला कलम धावत येत नाही, पाड्यांवरची माणसे येतात. आज वनविभागाचे कर्मचारी, पाड्यांवरचे तरुण आणि आम्ही मिळून जाळरेषा काढली. जमिनीलगत सरकणारा वणवा उभ्या मोठ्या झाडांना अनेकदा वरवर भाजून जातो. पडलेले कोरडे खोड मात्र आतून दिवसेंदिवस धुमसत राहते, आणि त्याच्या आश्रयाने उगवलेली रोपे, सापसुरळ्या, विंचू, वाणी, बुरशीचे जाळे हे सगळे त्याबरोबर जाते. ऐनाच्या भोवती म्हणून दुहेरी पट्टा साफ केला. दुपारी मुलांच्या एका गटानेही पाला ओढायला मदत केली; सहभागाचा रिकामा रकाना असा थोडाथोडा भरतो आहे.

१८ जानेवारी

कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करावे, यावर बैठक. देणगीदार संस्थेला आकडे हवे असतात, आणि किती मुले आली हा आकडा देणे सोपे आहे. पण त्यातून मुलांना काय मिळाले हे कळत नाही. प्रश्नपत्रिका घ्यावी असे एक मत होते. मला ती पुरेशी वाटत नाही, कारण प्रश्नपत्रिका पुन्हा नावांकडेच नेते. त्याऐवजी भेटीच्या आधी आणि काही आठवड्यांनंतर "जंगलाच्या जमिनीवर काय चालते" याचे चित्र काढून घ्यावे, असे मी मांडले. पाड्याच्या शाळेची दोन्ही वेळची चित्रे टेबलावर ठेवली. आधीच्या चित्रांत वाघ, हरीण, सूर्य, डोंगर आहेत आणि जमीन म्हणजे कागदाच्या तळाशी ओढलेली एक रेघ. नंतरच्या चित्रांत ती रेघ वर सरकली आहे आणि तिच्याखाली मुळे, वाणी, बुरशीचे धागे, देवगांडूळ यांची दाटी आहे. एका मुलाने पडलेल्या खोडातून उगवलेले रोप काढून त्याच्या शेजारी "हे पुढचं" एवढेच लिहिले आहे. चित्रांतील घटक मोजून तक्ता करता येईल, त्यामुळे देणगीदारांनाही आकडे मिळतील. प्रस्ताव मान्य झाला.

शाळांच्या चौरस मीटरच्या नोंदीही येऊ लागल्या आहेत. शहरातील एका शाळेने कुंपणाच्या कडेची जागा घेतली होती. तिथल्या भिंतीवर शेवाळाची रेघ कोणत्या महिन्यात किती उंचीवर होती, हे मुलांनी पट्टीने मोजून पाठवले आहे. सफाई कामगार मावशींना विनंती करून त्यांनी तो कोपरा झाडण्यातून वगळून घेतला, असे शिक्षिका कळवतात.

ऐनाची मोजमापे घेतली. बुंध्यापासून १.३७ मीटरवरचा घेर, म्हणजे झाड उभे असताना छातीच्या उंचीवर जो मोजला गेला असता तो, तिथली साल सुटू लागल्यामुळे थोडा कमी भरला. शेंड्याकडच्या बारीक फांद्यांचा बराचसा भाग वाळवीने मातीच्या लेपाखाली घेतला आहे. मोजणीच्या जागांवर खुणेचे खुंट जमिनीत ठोकले, म्हणजे दरवर्षी त्याच ठिकाणी मोजता येईल आणि हे काम पुढे मुलांकडे सोपवता येईल.

पुढील कामे : परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज वनविभागाकडे फेब्रुवारीअखेर द्यायचा, ब्रेल फलकांची तपासणी त्याच मुलांकडून करून घ्यायची, दारातील बूट धुण्याच्या जागेला दुसरी तोटी हवी, आणि देवगांडुळाविषयी पाड्यांवर बोलण्यासाठी पावसाळ्याआधी ग्रामसभेत वेळ मागायचा, त्या सभेत मामा बोलतील असे त्यांनी कबूल केले आहे.